नागरकोईलच्या पुढं एकोणीस किलोमीटर

देवकतेभाऊंना सकाळी "काय भाऊ, कसं काय?" असं विचारलं की ते तब्येतीचं सांगत नसत, गावाचं नाव सांगत. "पठाणकोट." किंवा "काल सांजच्याला ग्वाल्हेर सोडलं." परभणीतलं सरकारी कार्यालय, आवक-जावकचं टेबल, समोर टपालाचा ढीग, आणि त्यामागं बसलेला हा उंच, हाडकुळा माणूस गंभीर चेहऱ्यानं सांगायचा की आपण झाशीत आहोत. नवीन आलेल्या साहेबांना पहिल्या दिवशी वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. तसं काही नव्हतं. आमच्या कार्यालयात सगळ्यात ताळ्यावर असलेलं डोकं त्यांचंच होतं.

मारोती देवकते राणीसावरगावचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. गावात मेंढरांच्या वाड्यावरचा म्हणून शाळेत मागं बसवलेला हा मुलगा शिकला आणि लिपिक झाला. मी त्या कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली होती. पत्नी वारली होती. मूलबाळ नव्हतं. ते स्टेशनजवळ एका खोलीत एकटे राहायचे. गावाकडं एक विधवा थोरली बहीण होती, तिला सगळे आक्काच म्हणायचे. ती शेळ्या सांभाळून होती.

भाऊ कमी बोलायचे. पण कुणी म्हणालं, डोकं दुखतंय, खोकला जात नाही, की टपालातून मान वर न करता त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "दाखवलं का?" समोरच्यानं "बघू" म्हटलं की ते हातातला शिक्का खाली ठेवायचे. "बघू न्हाई. आज दाखवा. मी साहेबाला सांगतो, तुमी जावा." आमचा शिपाई जावेद याला त्यांनी तीनदा हाकलून डॉक्टरकडं पाठवलं होतं. तिन्ही वेळा काही निघालं नव्हतं.

सकाळच्या त्या गावांमागं चालण्याचं एक खूळ होतं, आणि ते त्यांच्या मागं मीच लावलं. एका दुपारी डबा खाताना मोबाइलवर आलेला एक मजकूर मी मोठ्यानं वाचून दाखवला. पुण्याची एक संस्था होती, बायकांच्या स्तनांच्या कर्करोगावर काम करणारी. त्यांनी ऑनलाइन चालण्याचं चॅलेंज काढलं होतं. चालायचं आपापल्या गावात. फोन अंतर मोजणार आणि नकाशावर दाखवणार, की आपण श्रीनगरहून निघालोय आणि कन्याकुमारीकडं चाललोय. साडेतीन हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता, वर्षभराची मुदत. देणगीदार किलोमीटरमागं संस्थेला देणगी देणार. आणि जो सगळं अंतर पुरं करील, तो सांगेल त्या गावात संस्थेची तपासणीची गाडी दोन दिवस येणार. मी हे हसण्यासाठी वाचत होते. खुर्चीवरून उठायला कंटाळणारी आम्ही माणसं, आम्हाला कुणी कन्याकुमारीला पाठवतंय म्हणून.

भाऊंनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, ते पुन्हा वाचा."

"कोणतं?"

"गाडीचं."

मी वाचलं. त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला. मग म्हणाले, "गाडीत बाई डॉक्टर असती का, तेवढं इचारा."

मी विचारलं. असते, असं उत्तर आलं. त्या महिन्यात त्यांनी बटणांचा फोन सोडून दुसरा घेतला, मी त्यात ते ॲप टाकून दिलं, आणि सप्टेंबरात भाऊ श्रीनगरहून निघाले.

ते पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर चालायचे आणि संध्याकाळी पुन्हा. मुदतीत पोहोचायला रोज दहा किलोमीटर पुरत होते. ते बारा करायचे. "बापानं मेंढरामागं याच्या दुप्पट केलं. ते बी अनवाणी," म्हणायचे. जुन्या बाजारातून त्यांनी शाळेचं नकाशाचं पुस्तक आणलं होतं. त्यात रोज शिक्क्याच्या जांभळ्या शाईचा एक ठिपका द्यायचे. ठिपका दिला की त्या गावाची चौकशी. तिथं काय पिकतं, पाऊस किती, मेंढरं हायत का. पंजाबात पोहोचले तेव्हा आठवडाभर गव्हाशिवाय दुसरा विषय नव्हता.

चालण्यातही त्यांचे नियम होते आणि ते त्यांचे त्यांनीच केलेले होते. कार्यालयाच्या वेळेत टपाल घेऊन गावभर हिंडावं लागे, तेव्हा ते फोनवरचं मोजणं बंद करायचे. मी म्हटलं, "अहो, पाय तुमचेच ना?" तर म्हणाले, "पाय माजे, येळ सरकारचा."

जावेदनं एकदा युक्ती सांगितली. फोन माझ्या मोटारसायकलला बांधा, आठ दिवसांत कन्याकुमारी. भाऊ शांतपणे म्हणाले, "मग ती गाडी येऊन तपासणी बी मोटारसायकलचीच करंल." सगळे हसले. पण पुढं खरोखरच तसं घडलं. पिंगळीला कुणाच्या लग्नाला गेले असताना त्यांचा फोन ऑटोत सीटखाली घसरला. ऑटोवाला भला होता, त्यानं संध्याकाळी शोधून परत आणून दिला. पण तोवर पिंगळी-परभणी जाऊन-येऊन फोननं भाऊंच्या नावावर दोन दिवसांच्या चालण्याएवढं अंतर चढवलं होतं, आणि वर शाब्बासकीचं चित्र पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊंनी फोन माझ्या कपाटात कुलूपबंद केला. म्हणाले, "दोन दिस फोनबिगर चालतो. तिसऱ्या दिशी सकाळी द्या." ते अंतर त्यांनी चालून फेडलं, आणि वर थोडं जास्तच चालले असणार.

भाऊंच्या पत्नीचं, गयाबाईंचं, मला आदिलाबादला कळलं. म्हणजे भाऊ नकाशावर आदिलाबादला होते तेव्हा. एप्रिल होता, ऊन असं की दुपारी टेबलाच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. पंख्याखाली आम्ही दोघंच होतो. भाऊ नकाशाचं पुस्तक उघडून बसले होते.

"इथून आपलं गाव जवळ पडतंय," ते म्हणाले. "गयाची बहीण दिलीय हिकडं. तिला लय यायचं होतं. मी म्हणलं, सुट्टी मिळू दे."

तेच पुढं बोलत गेले, पुस्तकाकडं बघत.

"तिला गाठ आली ती तिनं दोन वर्सं दाखवली न्हाई. चोळी घट करून बांधायची. मला म्हणायची, उष्णतेनं अंगाला पुरळ आलंय, म्हणून पदर घेऊन निजते. मी खरं मानलं. कामून मानू न्हाई? मग एक दिवस घरात वास यायला लागला. मी म्हणलं, माळवदात काय मेलं का काय. सगळं घर हुडकलं. दोन दिस हुडकायलोय मॅडम, आन् ती चुलीपशी बसून मला बघायली." त्यांनी नकाशाचं पान उलटलं. "मला म्हणली, पुरुष डॉक्टरला कसं दाखवू. आन् दाखवलं न्हाई तर कुणाला काय कळतंय."

त्यानंतर गयाबाई किती महिने होत्या, कोणत्या दवाखान्यात गेल्या, हे त्यांनी सांगितलं नाही. पुस्तक मिटून त्यांनी टपाल ओढलं आणि शिक्के मारायला लागले.

आता मला माझं सांगायला हवं. जून संपत आला होता. भाऊ तमिळनाडूत शिरले होते, मुदतीच्या बरेच पुढं होते, आणि त्या सुमारास ते डाव्या पायावर जरा कमी भार देऊन चालताना मला दिसले. विचारलं तर म्हणाले, वहाणेचा अंगठा लागलाय. जुलैत आमच्या खोलीत वास यायला लागला. जावेद म्हणाला, रेकॉर्डच्या कपाटामागं उंदीर मेलाय. त्यानं उदबत्त्या लावल्या. जाईना, म्हणून एका शुक्रवारी कपाट हलवायचं ठरलं. भाऊ उठले आणि एका बाजूनं त्यांनी कपाट धरलं. मागं काही नव्हतं. "दुसऱ्या कपाटामागं बगा," ते म्हणाले, आणि तेही धरू लागले.

ते वाकले तेव्हा मला त्यांचा मोजा दिसला. टाचेकडून वरपर्यंत ओला, पिवळट-काळा. मी पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी दुसरीकडं बघितलं.

मी तेव्हाच विचारायला हवं होतं. त्यांचाच प्रश्न होता, दोन शब्दांचा. पण वडीलधारा पुरुष माणूस, त्याचा पाय, त्याचा वास. मला संकोच वाटला. सोमवारी विचारू, असं मी ठरवलं. सोमवारी ते कामात होते. बुधवारी टपाल घेताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला तर तव्यासारखा तापलेला होता. मग मात्र मी आणि जावेदनं त्यांना दोन्हीकडून धरून ऑटोत घातलं.

दवाखान्यात कळलं की त्यांना साखरेचा आजार आहे आणि बरीच वर्षं आहे. पायाची संवेदना गेली होती. बाभळीचा काटा वहाणेतून आरपार जाऊन तळव्यात मोडला होता. तो कधी मोडला हे त्यांना सांगता आलं नाही, कारण तो त्यांना कळलाच नव्हता. पण जखम कळली होती. ती ते रोज धूत होते, हळद भरत होते, वर दोन मोजे घालत होते, आणि चालत होते.

डॉक्टर तरुण होता, चिडला. "काका, महिना झाला असेल याला! इतके दिवस काय करत होता?"

"चालत व्हतो," भाऊ म्हणाले.

नंतर, डॉक्टर गेल्यावर, मी विचारलं, "भाऊ, दाखवलं का नाही?"

त्यांनी छताकडं बघत उत्तर दिलं. "दाखवलं असतं तर थांबा म्हणले असते."

गुडघ्याखालून पाय काढला. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा आक्का कॉटशेजारी जमिनीवर बसली होती. सुरकुतलेली, कडक, कपाळावर मोठं गोंदण असलेली बाई. मला बघून तिनं तोंड भिंतीकडं केलं. भाऊंचा चेहरा राखेसारखा झाला होता. चादर एका बाजूला सपाट होती. मी बसायच्या आत त्यांनीच विचारलं.

"मॅडम, किती राहिलं?"

मी फोन उघडला. नकाशावर त्यांच्या नावाचा झेंडा नागरकोईल नावाच्या गावात थांबला होता. तिथून कन्याकुमारी एकोणीस किलोमीटर.

"एकोणीस. भाऊ, ऐका. यात अंतर हातानं लिहायची सोय आहे. फोन जवळ नसेल त्यांच्यासाठी. मी आत्ता लिहिते. तुम्ही त्या ऑटोच्या वेळी जास्त चालला आहात, ते धरा. कुणाला काय कळतंय?"

शब्द तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं. भाऊंनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही.

"गया बी तेच म्हणायची," ते म्हणाले.

आक्कानं त्यांना गावी नेलं. महिन्याभरानं भाऊंचा फोन आला. वॉकर मिळाला होता, अंगणात चालायला सुरुवात केली होती, पण अडचण अशी की फोन ते चालणं मोजत नव्हता. इतकं हळू आणि इतक्या थोड्या जागेत हललेलं त्याला चालणं वाटतच नव्हतं. "फोन म्हणायलाय, तुमी थांबलाव," भाऊ म्हणाले. म्हणून त्यांनी शिंप्याची टेप आणून दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत अंगण मोजलं होतं. अकरा मीटर. जाऊन-येऊन बावीस. प्रत्येक फेरीला आक्का भिंतीवर कोळशाची रेघ ओढायची. संध्याकाळी भाऊ मला आकडा सांगायचे आणि मी तो ॲपमध्ये लिहायचे.

"लिवा. एकशे बत्तीस मीटर." पहिल्या दिवसाचा आकडा हा होता.

मुदत सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. मी मनात भागाकार केला आणि घाबरले. रोज चारशेच्या आसपास गेलं तरच जमणार होतं. आकडा वाढत गेला. एकशे अठ्ठ्याण्णव. तीनशे तीस. पाचशे सहा. एका दिवशी सहाशे साठ आला आणि दुसऱ्या दिवशी फोनच आला नाही. तिसऱ्या दिवशी आक्काचा आला.

"तुमीच लावलं हे खूळ त्याच्या मागं," ती ओरडत होती. "तळहाताचं कातडं सोललंय, पायाच्या बुंध्यातून रगत यायलंय. बायको गेली, पाय गेला, आता ह्याला बी न्या. काय करायचीय ती गाडी? मेलेली माघारी येती का?"

मी म्हटलं, "आक्का, त्यांना थांबवा."

मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "थांबत न्हाई तो. लिवा. दोनशे वीस."

मुदतीला चार दिवस असताना एका दुपारी मी शेवटचा आकडा लिहिला. पडद्यावर समुद्र आला, रंगीत कागदाचे तुकडे उडाले, अभिनंदन म्हणून अक्षरं नाचली. जावेद टाळ्या वाजवायला लागला. मी भाऊंना फोन केला. म्हटलं, "भाऊ, पोहोचलात. कन्याकुमारी."

"बरं," ते म्हणाले. श्वास लागला होता त्यांना. "गाडीचं इचारलं का?"

गाडी दिवाळीनंतर आली. राणीसावरगावच्या शाळेच्या मैदानात ती पांढरी गाडी उभी राहिली, आत बाई डॉक्टर, बाई तंत्रज्ञ, दाराला पडदा. मी रजा काढून गेले होते. आदल्या दिवशी भोंग्यावरून पुकारा झाला होता. दिवस कापूस वेचणीचे, तरी सकाळी तीस-चाळीस बायका आल्या. आल्या आणि मैदानाच्या कडेला, भिंतीच्या सावलीत बसल्या. गाडीजवळ कुणी येईना. मी दोनदा जाऊन समजावलं. ऐकून घेत होत्या, पदराआड हसत होत्या. एक म्हणाली, "आमाला काय झालंय? ज्यांना झालंय त्यांनी जावं." असे दोन तास गेले. डॉक्टरबाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, पुन्हा आत गेल्या.

भाऊ गाडीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. पांढरा सदरा, पायजमा, त्याचा डावा पाय दुमडून पिनेनं खोवलेला. त्यांनी मला बोलावलं. "मॅडम, खुर्ची तिकडं न्या." मी आणि आक्कानं खुर्ची बायकांच्या समोर नेली, ते वॉकर घेऊन मागून आले. बसले. मग त्यांनी ती पीन काढली, पायजमा वर गुंडाळला, फडकं सोडलं आणि तो उघडा बुंधा बायकांसमोर धरला. जखम अजून सगळी भरलेली नव्हती. कुणीतरी तोंडाला पदर लावला. दोघी उठून गेल्या.

"बगा," भाऊ म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पुढं वाकून ऐकावं लागत होतं. "काट्यानं गेला. काटा काय लय मोठा नव्हता. मी दाखवलं न्हाई. लपवलं. गयाला तुमी वळखत व्हताव. तिनं बी लपवलं. तिला लाज व्हती. मला कसली व्हती? मी तर समद्यांना सांगत फिरायचो, दाखवा म्हणून. आन् माजंच दाखवलं न्हाई." त्यांनी गाडीकडं बोट केलं. मग म्हणाले, "आत बाई हाय. बाप्या न्हाई. मी बगून आलोय."

कुणी हललं नाही. भाऊ तसेच बसून राहिले, उघडा पाय उन्हात. मला ते बघवेना. तेवढ्यात आक्का पुढं आली, तिनं जमिनीवर पडलेलं फडकं उचललं, झटकलं, भावाचा पाय झाकला आणि कुणाकडंही न बघता गाडीच्या पायऱ्या चढून आत गेली. तिच्या मागं एक म्हातारी गेली. मग तिची सून. मग रांग लागली.

दोन दिवसांत तिघींना पुढच्या तपासणीसाठी परभणीला बोलावलं. त्यांतली एक आक्का होती. तिच्या काखेतली गाठ तिला ठाऊक होती, वर्षभरापासून. भावाच्या सेवेत असताना ती गाठ घेऊनच ती अंगणात कोळशाच्या रेघा ओढत होती. ऑपरेशन झालं, आजही ती आहे, थकली आहे. भाऊ मात्र राहिले नाहीत. जानेवारीत सकाळी चहा पिताना ते खुर्चीतच गेले. मला दुपारी कळलं, आणि मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते गाडीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास. गंगाखेडची एसटी यायची वेळ झाली म्हणून निरोप घ्यायला गेले. शेतातून थेट आलेल्या बायकांची रांग शाळेच्या दारापर्यंत होती, आणि आत जाताना प्रत्येकीला हातातलं काहीतरी कुठंतरी ठेवायचं होतं. त्या ते भाऊंकडं देत होत्या. त्यांच्या मांडीवर एक तान्हं मूल झोपलं होतं. खांद्यावर कापसाची रिकामी झोळी, खुर्चीच्या हाताला दोन डबे, एक विळा. एका हातात कुणाच्या तरी शेळीचं दावं होतं, ती त्यांचा सदरा ओढत होती, आणि त्यांना दुसरा हात हलवता येत नव्हता, कारण मुलाच्या मानेखाली होता. मी नमस्कार केला. त्यांनी बोट ओठांवर नेण्यासाठी हात उचलला, शेळीला हिसका बसला, मूल कुरकुरलं. भाऊ घाबरून मुलाकडं वाकले आणि ते पुन्हा झोपेपर्यंत वर बघितलं नाही. एसटीचा आवाज आला. मी निघाले तेव्हाही ते तसेच वाकलेले होते, आणि रांगेतली पुढची बाई तिची पिशवी कुठं ठेवावी म्हणून त्यांच्याकडं बघत उभी होती.